मारामारीचा सीन मोजायचा कसा

"सिनेमात हिंसा फार वाढलीय" आणि "अहो, शेवटी सिनेमाच आहे तो" या दोन वाक्यांच्या पलीकडे ही चर्चा सहसा सरकत नाही. दोन्ही बाजूंना सीन नीट आठवत नसतो, हे त्याचं मोठं कारण. किती माणसं पडली, त्यातल्या किती जणांचे चेहरे दिसले, कॅमेरा कोणाच्या खांद्यामागे होता, आवाज कुठे चढवला होता, असं विचारलं की उत्तरं अंदाजपंचे येतात. खालची पद्धत परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी आहे, फिल्म क्लबात चर्चा घेणाऱ्यांसाठी आहे आणि घरात कोणी काय पाहावं हे ज्यांना ठरवावं लागतं त्यांच्यासाठीही आहे. पहिल्या खेपेला एका सीनला दीड-दोन तास जातील. हात बसला की निम्म्या वेळात होतं.

लागतं फार थोडं: आखीव कागद, पेन्सिल, बरे हेडफोन, मोबाइलवरचं स्टॉपवॉच आणि एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवता येईल असा प्लेअर. व्हीएलसीत 'ई' दाबलं की एक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की तेच होतं. सबटायटल बंद ठेवा, नाहीतर डोळा खालच्या पट्टीवर अडकतो.

सीन कोणता घ्यायचा

बहुतेक जण क्लायमॅक्स उचलतात आणि तिथेच फसतात. क्लायमॅक्समध्ये सगळंच वाढीव असतं, त्यावरून सिनेमाची सवय कळत नाही. दोन सीन घ्या: एक पहिल्या अर्ध्या तासातला, एक शेवटच्या पाऊण तासातला. प्रत्येकी तीन ते पाच मिनिटांचा. सुरुवातीच्या सीनमध्ये सिनेमा प्रेक्षकाशी कसला करार करतोय हे दिसतं आणि शेवटच्या सीनमध्ये तो करार कुठवर ताणला ते दिसतं.

सीनची हद्द आधी ठरवा. पहिला ठोसा पडतो तिथे सीन सुरू होत नाही. धोक्याची पहिली चाहूल लागते तिथून, म्हणजे दार बंद होतं, कोणीतरी बाही दुमडतं, संगीत एकदम थांबतं, तिथून मोजायला लागा. शेवटही शेवटच्या वारावर नसतो. त्या हिंसेचा परिणाम पडद्यावर जिथवर दिसत राहतो तिथवर सीन आहे. ही हद्द चुकली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

तीनदा पाहायचा

१. पहिल्यांदा न थांबवता, आवाजासकट, नेहमीच्या प्रेक्षकासारखा. संपल्यावर लगेच तीन ओळी लिहा: कुठे दचकलात, कुठे मजा आली, कुठे नजर वळवली. 'मजा आली' हे लिहायला लोक लाजतात. लिहाच, कारण पुढच्या दोन्ही खेपा ती मजा कशी तयार केली हे शोधण्यासाठीच आहेत.

२. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून, शॉटगणिक थांबत. एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचा सलग तुकडा म्हणजे शॉट. शॉट क्रमांक, किती सेकंद, फ्रेममध्ये कोण, कॅमेरा कोणाच्या बाजूने, वेग नेहमीचा की मंद, एवढे पाच रकाने भरा.

३. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, फक्त हेडफोनवर.

दुसरी खेप कंटाळवाणी आहे. तिच्यात सूट घेतली तर मात्र बाकीचं करण्यात अर्थ नाही.

आधी, वार, नंतर

सीनची लांबी तीन भागांत वाटा: वाराआधीचा ताण, प्रत्यक्ष मारामारी आणि त्यानंतर जे उरतं ते. समजा, सीन २४० सेकंदांचा आहे. त्यात आधीचा ताण ३५ सेकंद, मारामारी १९० आणि नंतरचा भाग १५. म्हणजे ७९ टक्के वेळ मारण्याला आणि जेमतेम ६ टक्के परिणामाला. शॉट १२० असतील तर सरासरी दोन सेकंदांचा शॉट. इथे थांबू नका, सरासरी फसवते. नायकाचा चेहरा दिसणारे शॉट वेगळे काढा आणि मार खाणाऱ्यांचे वेगळे. अशा सीनमध्ये बहुधा नायकाचा शॉट चार-पाच सेकंद टिकतो आणि पडणारा माणूस अर्ध्या सेकंदात फ्रेमबाहेर जातो. २२ जण पडले आणि चेहरा लक्षात राहण्याइतका दिसला तिघांचा, तर उरलेले १९ जण सामान म्हणून वापरले गेलेत. कागदावर हे आकडे शेजारी-शेजारी आले की रक्त किती होतं हा प्रश्न बराचसा मागे पडतो.

'नंतर'चा रकाना सर्वांत बोलका. आजच्या अॅक्शनपटांत कात्री लागते ती इथेच. वार ताणायचा आणि परिणाम छाटायचा, अशी ही उलटी वाटणी आहे. ती सुलटी करून पाहिलेलं उदाहरण म्हणजे मिखाएल हानेकेचा 'फनी गेम्स' (१९९७). त्यात दोन तरुण एका कुटुंबाला घरातच ओलीस धरतात. मुलाचा खून होतो तेव्हा कॅमेरा शेजारच्या स्वयंपाकघरात, खाण्याचं काहीतरी शोधणाऱ्या दुसऱ्या गुन्हेगारावर असतो. आपल्याला फक्त ऐकू येतं. त्यानंतर मात्र जवळजवळ दहा मिनिटं कॅमेरा त्या खोलीतून हलत नाही. आई बांधलेल्या अवस्थेत उठायचा प्रयत्न करते, तो सबंध पाहावा लागतो. फ्रिट्झ लांगच्या 'एम'मध्ये (१९३१) मुलीचा खून दिसतच नाही. झुडपातून घरंगळत आलेला चेंडू दिसतो, तारांत अडकलेला फुगा दिसतो, घरी मांडलेलं रिकामं ताट दिसतं. दोन्हीकडे वाराला वाटा जवळपास शून्य, आणि तरी दोन्ही सीन पाहणाऱ्याला सोडत नाहीत.

मंद गती

सिनेमा सहसा सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो. ४८ फ्रेमने चित्रित केलेलं २४ ने दाखवलं की हालचाल दुप्पट लांबते, १२० ने केलेलं पाचपट. पाव सेकंदाचा ठोसा असा सव्वा सेकंद टिकतो. कोणत्या वेगाने चित्रित केलं हे पडद्यावरून नक्की सांगता येत नाही, म्हणून आकडा लिहायच्या फंदात पडू नका; 'मंद' एवढं लिहा आणि त्या वेळी मंद काय झालं ते नोंदवा. शस्त्र उगारतानाचा क्षण ताणला असेल तर सिनेमाला शस्त्रधारी मिरवायचाय. लागल्यानंतरचा चेहरा ताणला असेल तर रोख वेगळा आहे. एकाच शॉटमध्ये वेग मंद होऊन पुन्हा उसळत असेल तर तीही खूण टाका, आज तीच चाल जास्त वापरतात.

मंद गतीतली हिंसा नवी नाही. 'बॉनी अँड क्लाइड'च्या (१९६७) शेवटच्या गोळीबारासाठी चार कॅमेरे वेगवेगळ्या वेगांवर लावले होते. तिथे ती दोन मुख्य पात्रांच्या मरणासाठी वापरली होती. आता निनावी गुंडांच्या उडण्यासाठी वापरतात.

कट मोजताना

डेव्हिड बॉर्डवेल या अभ्यासकाने हॉलिवूडचे सिनेमे मोजून दाखवलं की १९३० ते १९६० या काळात सरासरी शॉट ८ ते ११ सेकंदांचा असे. शतक संपताना तो ३ ते ६ सेकंदांवर आला होता. मारामारीच्या सीनमध्ये तो आणखी खाली जातो. पण जास्त कट म्हणजे जास्त हिंसा असं समीकरण मांडू नका. 'सायको'तला (१९६०) शॉवरचा खून सुमारे ४५ सेकंदांचा, ५२ कटांचा आहे आणि रक्त म्हणून वापरलं ते चॉकलेट सिरप, कृष्णधवल चित्रणात खपून गेलं. सुरा कातडीत शिरताना पाहिल्याचं लोक सांगतात, ते बरंचसं मनानेच जोडलेलं असतं.

जलद कट दोन कारणांसाठी असतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. एक, गोंधळ जाणवून देण्यासाठी. दुसरं, नटाला मारामारी येत नाही ते झाकण्यासाठी. ओळखायचं असं: कट ठोसा लागण्याच्या नेमक्या फ्रेमवर पुन्हा पुन्हा पडतोय का ते पाहा; पडत असेल तर कारण बहुधा दुसरं. पाठमोरा नट, बदललेला केसांचा भांग, चेहऱ्यावर आलेला हात दिसला तर तिथे बहुधा बॉडी डबल, म्हणजे नटाच्या जागी उभा केलेला दुसरा माणूस, आहे. फाइट मास्टरने नीट बसवलेली मारामारी लांबून, डोक्यापासून पायापर्यंत दिसेल अशा शॉटमध्ये टिकते आणि कोण कुठे उभा आहे हे पाहणाऱ्याला समजतं.

पाठ करून ऐकणं

हिंसेचा निम्मा मसाला आवाजात असतो. एका ठोशाचे तीन-चार थर असतात: हात हवेतून जातानाची सळसळ, कातडीवरचा चपराकीसारखा कोरडा आवाज, हाडाचा कडकडाट आणि खाली छातीत घुमणारा खर्ज. हाडासाठी फोली कलाकार, म्हणजे असे आवाज स्टुडिओत तयार करणारे, अनेकदा सेलरीचे देठ मोडतात. 'सायको'तल्या सुऱ्याच्या वारांसाठी खरबूज भोसकलं होतं. खऱ्या ठोशाचा आवाज याच्या पासंगालाही पुरत नाही.

ऐकताना तीन गोष्टी टिपा. मार खाणाऱ्याचा श्वास किंवा कण्हणं ऐकू येतं का, की ते संगीताखाली गाडलंय? संगीत वाराच्या तालावर बसवलंय का? बसवलं असेल तर पाय ठेका धरतो, आणि ठेका धरलेल्या प्रेक्षकाला मोडणारं हाड हे वाद्य वाटतं. तिसरं, शांतता कुठे आहे. वारानंतर दोन सेकंदही शांतता नसेल तर प्रेक्षकाला विचार करायला जागा ठेवायची नव्हती असं खुशाल समजा.

रसाच्या कसोटीवर

आपल्याकडे यासाठी रससिद्धांताचं तयार माप आहे, ते वापरत नाही आपण. सीनच्या तिन्ही भागांपुढे स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेला भाव, लिहा: क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय, शोक. जुन्या चांगल्या युद्धप्रसंगात उत्साहाकडून क्रोधाकडे आणि तिथून शोकाकडे प्रवास असतो. आजच्या बऱ्याच मारामाऱ्या क्रोधात सुरू होतात आणि विस्मयात संपतात, 'काय उडवला!' हा उद्गार विस्मयाचाच. जुगुप्सा मधे फोडणीपुरती. शोकाला जागाच नसते, आणि वर 'नंतर'चा रकाना जवळजवळ रिकामा राहिला होता तो याच कारणाने.

नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यनाश, मरण आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या निवेदनाच्या प्रसंगातून, कळवाव्यात असं सांगितलंय. ग्रीक शोकांतिकांतही खून बहुधा रंगमंचामागे होतो आणि दूत येऊन सांगतो. म्हणून 'दाखवणं म्हणजेच घसरण' असं मात्र म्हणू नका. संस्कृत नाटककार भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगमंचावरच मरतो. मांड्या मोडतात ते द्वंद्व आपल्याला सैनिकांच्या वर्णनातून कळतं आणि मोडलेला माणूस मात्र समोर येऊन आई-वडील, पत्नी, मुलगा यांच्याशी बोलतो. वार आडोशाला आणि परिणाम उजेडात.

परवाना कोणी दिला

आता कथेकडे या. नायकाच्या क्रौर्यावर टाळ्या पडायच्या तर आधी खलनायकाने काहीतरी अक्षम्य करावं लागतं. हा परवान्याचा सीन शोधा. बहुतेक वेळा त्यात बाईवर किंवा लहान मुलावर अत्याचार असतो. मग बघा: त्या बाईला त्यानंतर किती वाक्यं आहेत? ती काही ठरवते का, की फक्त नायकाच्या रागाला कारण पुरवून सिनेमातून नाहीशी होते? अत्याचाराच्या सीनमध्ये कॅमेरा तिच्या नजरेतून बाहेर पाहतो की अत्याचार करणाऱ्याच्या नजरेतून तिच्याकडे? उत्तर दुसरं असेल तर सिनेमा ज्याचा निषेध करतोय त्याचीच नजर वापरतोय. परीक्षणात हे स्पष्ट लिहावं, सौम्य शब्दांच्या भानगडीत पडू नये.

दुसरी कसोटी सीन काढून पाहण्याची. मारामारी पूर्ण वगळली तर पुढच्या सीनमध्ये कोणाचं वागणं बदलतं? नायकाचा हात दुखतो का, त्याला झोप येते का, पोलीस येतात का, कोणी घाबरून त्याच्यापासून लांब जातं का? काहीच बदलत नसेल तर ती गाण्यासारखी मधे बसवली आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग तिला 'वास्तव' म्हणून विकू देऊ नये. कलेचं खरं नुकसान इथे होतं. प्रत्येक सीनला आधीच्यापेक्षा मोठं व्हावं लागतं, मग संवादातून उभा राहणारा धाक लिहायची कोणाला गरज वाटत नाही. ग्राफिक्समधलं रक्त कपड्यावर डाग न ठेवता हवेत विरतं. नटाला दुखणं वठवायचं कामच उरत नाही.

प्रेक्षकावरच्या परिणामाबद्दल काय लिहावं

इथे सर्वांत जास्त थापा चालतात, म्हणून जपून.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांच्या १९६१च्या प्रयोगात मोठ्या माणसाने हवेच्या बाहुल्याला बडवलेलं पाहणाऱ्या मुलांनी तशीच नक्कल केली, हे सगळे सांगतात. १९६५चा प्रयोग जास्त कामाचा आहे. त्यात मुलांनी पाहिलेल्या फिल्मला तीन शेवट होते: मारणाऱ्याला बक्षीस, मारणाऱ्याला शिक्षा, किंवा काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर बक्षीस देऊ केल्यावर त्यांनाही ते सगळं करून दाखवता आलं. म्हणजे शिकली सगळीच होती. करायचं की नाही हे शेवटावरून ठरत होतं. बाहुला मुळात मारण्यासाठीच असतो आणि माणसाला मारणं त्याहून फार वेगळं, हा या प्रयोगांवरचा आक्षेपही सोबत लिहावा.

उलट बाजूला गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेला विन्या या अर्थशास्त्रज्ञांचा २००९चा अभ्यास. अमेरिकेत हिंसक सिनेमांना जास्त गर्दी असलेल्या दिवशी संध्याकाळी आणि रात्री हिंसक गुन्हे कमी झालेले त्यांना दिसले. सिनेमाने राग निवतो असा त्याचा अर्थ लावू नका. त्यांचं स्पष्टीकरण साधं होतं: मारामारी करू शकणारी तरुण मुलं त्या वेळी थिएटरात बसलेली असतात, दारू पीत हिंडत नसतात. आणि हा हिशेब त्या दिवसापुरताच, वर्षानुवर्षांच्या परिणामाचा नाही.

माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांचं काम टीव्हीवरचं. त्यांच्या मते खूप टीव्ही पाहणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा धोकादायक वाटू लागतं. सिनेमावर लिहिताना हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. आपण सगळे मारेकऱ्यावर बोलत बसतो, भेदरलेल्या प्रेक्षकावर कोणी बोलत नाही.

म्हणून 'या सिनेमामुळे गुन्हा झाला' हे वाक्य एका घटनेवरून लिहू नये. 'हा सिनेमा मारणाऱ्याला बक्षीस देतो, दुखणं लपवतो आणि हसायला लावतो' हे लिहिता येतं, कारण त्याचा पुरावा तुमच्या कागदावर आहे.

प्रमाणपत्रावर विसंबू नका

सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसणाऱ्या गोष्टींकडे जास्त पाहतं: रक्त, जखम, शिवी. अमेरिकेत १९८४ साली पीजी-१३ (तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी जपावं) हा गट आला. 'पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकातल्या २०१३च्या अभ्यासात १९८५पासून त्या गटातल्या सिनेमांतली बंदुकीची हिंसा तिपटीहून वाढलेली आढळली. रक्त दिसलं नाही की माणसं कितीही मारता येतात, असा त्याचा सरळ अर्थ. भारतात आता यूए ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे आहेत. त्यावरून सुरुवात करावी, निर्णय मात्र स्वतः पहिला अर्धा तास पाहून घ्यावा. लहान मुलांच्या बाबतीत रक्तापेक्षा तीन गोष्टी आधी बघा: हिंसा घरातल्या माणसाकडून होते का, मूल किंवा प्राणी बळी पडतो का, आणि मारणाऱ्याचं कौतुक होतं का.

चर्चा घेताना

सिनेमा संपल्या संपल्या मतं विचारू नका. माध्यमांच्या मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे शरीरातली खळबळ लगेच ओसरत नाही, ती पुढच्या भावनेला चढते. त्या भरात आवडलेलं फार आवडतं आणि खटकलेलं फार खटकतं. अर्धा तास जाऊ द्या. दाखवण्यापूर्वी सूचना द्यायची तर 'संवेदनशील प्रेक्षकांनी सांभाळावं' असली मोघम देऊ नका. 'साधारण पन्नासाव्या मिनिटाला लैंगिक अत्याचाराचा सीन आहे, तीन मिनिटं, आवाज स्पष्ट आहे' अशी द्या. ज्याला बाहेर जायचंय त्याला केव्हा जायचं आणि केव्हा परतायचं हे कळतं, आणि कथेचाही विचका होत नाही. थिएटरात कोणी हसलं तर त्याला लगेच बोल लावू नका, पुष्कळदा ते अस्वस्थतेचं हसू असतं. नेमक्या कोणत्या शॉटला हसू आलं ते विचारा आणि तो शॉट पुन्हा लावा.

चर्चेला तोच कागद फळ्यावर उतरवा, पण आकडे लगेच उघडे करू नका. आधी प्रत्येकाला विचारा: किती माणसं पडली असतील, वारानंतरचा भाग किती सेकंदांचा असेल? उत्तरं लिहून घ्या, मग मोजलेला आकडा शेजारी मांडा. अंदाज आणि मोजणी यांत सर्वांत मोठी तफावत ज्या रकान्यात पडेल, चर्चा तिथून सुरू करा.